लेकीला सगळं सांगावं

आजारी माणसाला त्याच्या आजाराचं नाव सांगू नये, असं माझं ठाम मत होतं. कॅन्सरच्या बाबतीत तर होतंच होतं. हे मत मी कुणाकडून ऐकून घेतलेलं नव्हतं, डोळ्यांनी पाहून बनवलेलं होतं. मी डीएड करत होते तेव्हा माझ्या मामाला घास गिळायला त्रास व्हायला लागला. तपासण्या झाल्या आणि डॉक्टरांनी मामाच्या समोरच सांगितलं की अन्ननलिकेचा कॅन्सर आहे. मामा घरी आला तो वेगळाच माणूस होऊन आला. ज्या रानात तो उन्हातान्हाचा राबला, त्या रानाकडे त्यानं पुन्हा पाऊल टाकलं नाही. कुणी बोलायला गेलं की कूस बदलायचा. पोळ्याच्या आधीच तो गेला. आमच्या घरात आजही म्हणतात, आजारानं नाही, नावानं नेलं त्याला.

दुसरं उदाहरण शेजारचं. तिथल्या आजींना घरच्यांनी 'गाठ आहे, औषधानं विरघळेल' एवढंच सांगितलं होतं. त्या कैक वर्षं नातवंडांना खेळवत राहिल्या. या दोन माणसांवरून मी नियम करून टाकला. पुढे शिक्षिका म्हणून गावोगावी बदल्या झाल्या, किती तरी घरची दुखणी पाहिली, प्रत्येक ठिकाणी मी हेच सांगितलं: माणसाला धीर द्या, नाव सांगू नका.

हा नियम एक दिवस माझ्याच लेकीला लावायची वेळ आली.

ती २० वर्षांची. पूर्ण्याहून नांदेडला रोज रेल्वेनं जाऊन-येऊन बीएस्सी करत होती. उजव्या गुडघ्याच्या वर दुखायला लागलं. आधी सगळ्यांना वाटलं, गाडीत चढता-उतरताना मुरगळलं असेल. तेल लावलं, शेक दिला, गोळ्या झाल्या. पण हे दुखणं रात्री वाढायचं, पाय नुसता टेकवून ठेवला तरी ठणकायचा, आणि मांडीच्या खालच्या बाजूला सूज दिसायला लागली. एक्स-रे पाहून नांदेडचे हाडांचे डॉक्टर एकदम गंभीर झाले. म्हणाले, एमआरआय करून घ्या, पण तुकडा काढायची तपासणी इथं कुठंही करू नका. जे ऑपरेशन करणार आहेत त्यांनीच सुई घालायची असते, कारण सुई ज्या वाटेनं आत जाते ती वाटही पुढे गाठीबरोबर काढावी लागते. सरळ मुंबईला टाटाला जा.

आमच्या भागात 'टाटाला नेलंय' एवढं म्हटलं की पुढचं कुणाला विचारावं लागत नाही. परळचं टाटा मेमोरियल हॉस्पिटल २८ फेब्रुवारी १९४१ ला सुरू झालं, तेव्हापासून मराठवाड्यातल्या किती पिढ्या त्या वाटेनं गेल्या असतील! तरीही ह्यांनी आणि मी लेकीला सांगितलं, हाडात इन्फेक्शन झालंय, मोठ्या दवाखान्यात दाखवू. नातेवाइकांनाही तेच सांगायचं ठरलं. त्यामागं भीती दुहेरी होती. एक तिच्या मनाची आणि दुसरी तिच्या लग्नाची. दुसरी भीती मी त्या वेळी उघड बोलले नसते, पण ती होती.

पूर्णा हे रेल्वेचं गाव. मनमाडकडून येणारी, सिकंदराबादकडे जाणारी आणि अकोल्याकडे फुटणारी लाइन इथं भेटते. घरटी एक माणूस रेल्वेत, नाही तर रेल्वेवर पोट असलेला. कॅन्सरच्या रुग्णाला उपचारासाठी जाताना स्लीपर आणि थर्ड एसीचं भाडं पूर्ण माफ असतं, सोबतच्या माणसाला ७५ टक्के सूट मिळते. त्यासाठी दवाखान्याचा दाखला खिडकीवर द्यावा लागतो. म्हणजे आपल्या लेकीचा आजार गावापासून लपवायचा तर सवलत सोडायची. पहिल्या खेपेला आम्ही पूर्ण भाडं भरून देवगिरी एक्सप्रेसनं गेलो. दादरला उतरलो, तिथल्या गाडगे महाराज धर्मशाळेत पुढे सोय झाली. धर्मशाळेत प्रत्येक खोलीत हाच आजार होता. ओट्यावर बसलेल्या बाया एकमेकींना 'तुमचं कशाचं?' असं भाजीचा भाव विचारावा तितक्या सहज विचारत होत्या. मी लेकीला घेऊन त्यांच्यापासून लांब बसायची.

बायोप्सीचा रिपोर्ट आला तेव्हा मी लेकीला बाहेर बाकावर बसवलं आणि एकटी आत गेले. ऑस्टिओसार्कोमा. हाडाचा कॅन्सर, वाढत्या वयातल्या आणि विशीतल्या मुलामुलींना होणारा, बहुतेक वेळा गुडघ्याच्या आसपास. मी हात जोडून डॉक्टरांना म्हटलं, तिला यातलं काही सांगू नका, जे सांगायचं ते मला सांगा. डॉक्टर तरुण होते, पण आवाज शांत होता. म्हणाले, "आई, ती २० वर्षांची आहे. केमोला तिची सही लागेल, ऑपरेशनला तिची सही लागेल. तुमची चालणार नाही. कशावर सही करते हे तिला माहीत नसेल तर मी ती घेऊ शकत नाही. तुम्ही सांगता की मी सांगू?"

मला राग आला. नऊ महिने मी वाढवलं, वीस वर्षं मी सांभाळलं आणि माझी सही चालत नाही? पुढे याबद्दल वाचलं तेव्हा कळलं की हा त्या डॉक्टरांचा हट्ट नव्हता. सुप्रीम कोर्टात समीरा कोहली यांचा खटला गाजला होता. १९९५ साली त्या ४४ वर्षांच्या होत्या. लॅप्रोस्कोपीनं तपासणी करायची म्हणून भूल दिली होती, आणि त्या भुलीत असतानाच बाहेर बसलेल्या त्यांच्या आईची संमती घेऊन गर्भाशय आणि बीजांडकोश काढून टाकले गेले. १६ जानेवारी २००८ ला कोर्टानं निकाल दिला: रुग्ण सज्ञान आहे, जिवावर बेतलेली तातडी नव्हती, तेव्हा ती शुद्धीवर येईपर्यंत थांबायला हवं होतं. आईची संमती ही तिची संमती नव्हे. हे वाचताना मी त्या आईच्या जागी स्वतःला ठेवून पाहिलं. तिनंही काळजीपोटीच हो म्हटलं असणार. तरीही जे गेलं ते लेकीच्या शरीरातलं गेलं.

शेवटी डॉक्टरांनीच सांगितलं, मी शेजारी बसले होते. त्यांनी नुसतं नाव उच्चारलं नाही. कागदावर पायाचं चित्र काढलं. गाठ इथं आहे, मागून रक्ताची मोठी नळी जाते, ही नस. आधी केमोथेरपी, मग ऑपरेशन, मग पुन्हा केमो. ऑपरेशनमध्ये मांडीच्या हाडाचा खालचा भाग गुडघ्यासकट काढून तिथं धातूचा मोठा सांधा बसवायचा. गाठीनं रक्ताच्या नळीला वेढलं असेल तर पाय काढावा लागू शकतो. छातीचा सीटी स्कॅन स्वच्छ आहे, फुप्फुसात काही नाही. अशा रुग्णांपैकी दहातले सहा-सात बरे होतात. १९७० च्या आधी, केमो नव्हती तेव्हा, पाय कापूनही दहातले दोनसुद्धा वाचत नव्हते.

लेक रडली. मग रुमालानं तोंड पुसून तिनं विचारलं, "पाय वाचवायच्या नादात गाठीचा अंश आत राहिला, असं होऊ शकतं का? तसं असेल तर आधी माझा जीव बघा, पाय नंतर."

मी सुन्न झाले. त्याच क्षणी मी डॉक्टरांचे पाय धरून 'काही झालं तरी पाय वाचवा' असं म्हणायच्या बेतात होते. लेकीच्या वतीनं मी जे मागणार होते, ते तिला नको होतं. गुडघ्यावरून पाय गेलेली मुलगी लोकांना कशी दिसेल, ही काळजी माझी होती. तिची काळजी सरळ होती: जगायचंय. डॉक्टरांनी तिला सविस्तर समजावलं की सगळ्या बाजूंनी निरोगी भाग ठेवून गाठ काढता येत असेल तरच पाय वाचवतात, आणि त्याचा निर्णय केमोनंतरच्या एमआरआयवर होईल. ती मान डोलावत होती. मग त्यांनी असंही सांगितलं की या औषधांचा परिणाम बीजांडांवर होऊ शकतो, पुढे मूल हवं असेल तर आधी काही उपाय करता येतात, त्याला थोडे दिवस लागतात. हा विषय मी तिच्यासमोर कधीच काढला नसता. तिच्या वतीनं मी परस्पर 'त्याचं बघू नंतर' म्हणून टाकलं असतं. तिनं काय ठरवलं ते तिचं आहे, ते मी इथं लिहिणार नाही.

तरी माझं मत एका दिवसात बदललं नाही. धर्मशाळेत परतल्यावर ती गप्प गप्प होती, आणि मला मामाच दिसत होता. तिनं मोबाइलवर शोधायला सुरुवात केली तेव्हा तर मी घाबरले. तिला टेरी फॉक्स सापडला. कॅनडातला मुलगा, १९७७ साली हाच आजार, १८ व्या वर्षी उजवा पाय गुडघ्याच्या वरून काढला. कॅन्सरच्या संशोधनासाठी पैसे उभे करायला १९८० मध्ये तो कृत्रिम पायावर देशाच्या एका टोकापासून धावत निघाला. १४३ दिवसांत ५,३७३ किलोमीटर धावला आणि आजार फुप्फुसात पोचल्यामुळे थांबला. पुढच्या वर्षी, २२ व्या वर्षी गेला. मला वाटलं, ही गोष्ट हिनं वाचायलाच नको होती. तिनं मात्र त्यातलं दुसरंच उचललं. म्हणाली, "आई, त्याच्या वेळची औषधं आणि आत्ताची औषधं यात किती फरक पडलाय बघ. त्याच्यासारख्यांमुळेच पडलाय."

मत खरं बदललं ते एका रात्री. पहिली केमो होऊन आठवडा उलटला होता. या औषधांनंतर पांढऱ्या पेशी खाली जातात, तेव्हा साधा ताप म्हणजे जिवाला धोका असतो, हे तिला सांगितलेलं होतं. तिनं वही केली होती. सकाळ-संध्याकाळ थर्मामीटर लावून आकडा लिहायची. त्या रात्री तिनं मला हलवून उठवलं. "आई, १०१ आहे. सकाळपर्यंत थांबायचं नाही, आत्ता जायचं." कॅज्युअल्टीत पोचलो, रक्त तपासलं, पेशी अगदी तळाला गेलेल्या. लगेच शिरेतून अँटिबायोटिक सुरू झालं. दुसऱ्या दिवशी वॉर्डमधल्या सिस्टर म्हणाल्या, वेळेवर आणलंत.

खाटेजवळ बसून मी विचार केला. आम्ही ठरवलं होतं तसं तिला 'हाडात इन्फेक्शन' एवढंच माहीत असतं तर? माझी लेक स्वभावानं सोशिक. आईची झोप मोडायला नको म्हणून ती अंगावर पांघरूण ओढून पडून राहिली असती. तिला माहीत होतं म्हणून तिनं मला उठवलं. आजाराची माहिती तिच्या मनावर ओझं होईल असं मी धरून चालले होते, आणि त्याच माहितीनं त्या रात्री तिला वाचवलं होतं.

त्याच खाटेजवळ मला मामाचंही नव्यानं उमजलं. मामाला नाव सांगितलं, पण नावापलीकडे काहीच सांगितलं नाही. पुढे काय करायचं, दुखणं कमी करायला काय मिळेल, कुठं जायचं, कुणी बोललं नाही. आणि आम्ही सगळ्यांनी त्याच्यासमोर त्या विषयावर तोंड शिवून घेतलं. नावासकट त्याला एकटं सोडलं. शेजारच्या आजींचंही तेच. त्या आनंदात होत्या असं आम्ही म्हणतो, पण रात्री त्यांना काय वाटत होतं हे विचारायला त्यांच्याजवळ कोण बसलं होतं? दोन माणसांवरून मी जो नियम केला, त्या दोन्ही माणसांशी मी कधी त्याबद्दल बोललेच नव्हते.

पूर्वी डॉक्टरसुद्धा माझ्यासारखाच विचार करायचे. अमेरिकेत १९६१ साली डॉक्टरांना विचारलं तेव्हा शंभरातले ९० म्हणाले, कॅन्सर आहे हे रुग्णाला सहसा सांगणार नाही. १९७९ साली तोच प्रश्न पुन्हा विचारला तेव्हा ९७ जण म्हणाले, सांगू. मधल्या काळात उपचार आले होते. जोवर हातात द्यायला काही नव्हतं, तोवर गप्प राहणं ही दया वाटत होती. आमच्या घरातली समजूत त्या जुन्या काळातली होती, आणि उपचार मात्र आजचे घ्यायचे होते. त्या उपचारांना रुग्णाची साथ लागते आणि न कळता साथ देता येत नाही.

केमोनं गाठ आक्रसली. रक्ताची नळी मोकळी होती, पाय वाचवता येईल असं ठरलं. ऑपरेशनच्या आधी संमतीचा कागद आला. त्यात सगळं लिहिलेलं होतं: जंतुसंसर्ग, नसेला इजा, सांधा सैल होऊन पुढे बदलावा लागण्याची शक्यता, आणि आत वेगळं दिसलं तर पाय काढावा लागण्याचीही. तिनं एक एक ओळ वाचली. जमिनीवर मांडी घालता येईल का, उकिडवं बसता येईल का, धावता येईल का, असं तिनं विचारलं. बहुधा नाही, सांध्यावर तेवढा भार टाकायचा नाही, असं उत्तर आलं. सही करून झाल्यावर तिनं पहिला फोन वडिलांना केला. "बाबा, मी यायच्या आत कमोड बसवून घ्या. पूजेला बसायला उंच पाट करा." ह्यांना फोनवर बोलता येईना. पण दुसऱ्या दिवशी गवंडी घरी आला होता.

ऑपरेशनला कित्येक तास लागले. त्या तासांबद्दल लिहिण्यासारखं माझ्याजवळ काही नाही, दाराकडे बघत बसण्याशिवाय मी काही केलं नाही. त्यानंतरचे दिवस मात्र सांगायला हवेत. फिजिओथेरपिस्ट रोज गुडघा वाकवायला यायच्या तेव्हा ती कळवळायची. मला वाटायचं, आज राहू द्या म्हणावं. ती दात आवळून म्हणायची, अजून थोडं. कारण मांडीच्या पुढच्या स्नायूत बळ आलं नाही तर पाय वाचवूनही चालता येणार नाही, हे तिला पाठ होतं. काढलेल्या हाडाचा रिपोर्ट यायच्या आधीच तिला माहीत होतं की त्यातल्या ९० टक्क्यांहून जास्त पेशी मेलेल्या असतील तर औषध नीट लागू पडलं असं मानतात. रिपोर्ट आला तेव्हा डॉक्टरांनी तो तिच्याच हातात दिला, आणि चांगली बातमी आईला सांगण्याचा मान तिला मिळाला.

या सगळ्याची किंमतही आहे, ती लपवून मला माझं नवं मत मांडायचं नाही. ठरलेल्या अंतरानं छातीचा सीटी स्कॅन करावा लागतो, आणि हा आजार परतला तर बहुधा फुप्फुसात परततो हे तिला माहीत आहे. स्कॅनच्या आधीच्या रात्री ती जागी असते. खोटं सांगून मी तिला झोपवू शकत नाही. तिचं ते जागरण मला घेता येत नाही, सोबत जागता येतं. ह्यांचं मत अजून पुरतं बदललेलं नाही. ते आजही 'पायाचं ऑपरेशन' एवढंच म्हणतात, आणि लेक त्यांना तसं म्हणू देते. लग्नाचं विचाराल तर, तिनं मला बजावून ठेवलंय की जे स्थळ येईल त्याला पहिल्या भेटीत ती स्वतः सगळं सांगेल. मी मान्य केलंय. आता आम्ही रेल्वेची सवलतही घेतो. खिडकीवर दाखला तीच देते. पूर्ण्यात सगळ्यांना कळलं आणि आभाळ कोसळलं नाही. उलट जिच्या आईला, जिच्या भावाला हा आजार झाला होता अशा बाया घरी येऊन बसू लागल्या.

अलीकडे टाटाला निघालेली माणसं आधी आमच्याकडे विचारायला येतात. कुठं उतरायचं, नंबर कसा लावायचा, राहायचं कुठं. बहुतेक वेळा रुग्ण घरी असतो, आणि आलेली माणसं आवाज खाली आणून म्हणतात, "बाई, त्याला काही सांगितलं नाही." त्यांना मी दोष देत नाही. मीही तिथूनच आले आहे. मी एवढंच सांगते की त्याला पुढच्या वेळी बरोबर घेऊन या आणि डॉक्टरांच्या खोलीत शेजारच्या खुर्चीवर बसवा. नुसतं नाव सांगून मोकळे होऊ नका. उपचार काय, बरं होण्याची आशा किती, त्रास काय होईल, तेही त्याच वेळी त्याला ऐकू द्या. वही त्याच्या हातात द्या. काही माणसांना खरोखर ऐकायचं नसतं, त्यांच्यावर माहिती लादायची नाही. 'तुला किती ऐकायचंय?' असं आधी विचारा आणि 'मला काही नको, तुम्हीच बघा' असं उत्तर आलं तर तेही माना. पण तो प्रश्न त्यालाच विचारा. आपण आई-बाप आहोत म्हणून त्याच्या वतीनं उत्तर देऊन टाकू नका.